उंदीरमामाला दिलेला दात

आमच्या घरात पडलेला दात सूर्य मावळेपर्यंत राहू द्यायचा नाही, असा मायचा नियम होता. मायचे नियम पुष्कळ होते आणि त्यातले बरेच तिच्या सोयीचे होते. दाताच्या नियमात मात्र तिची काही सोय नव्हती, उलट हातातलं काम टाकून तिला तो पाळावा लागे. स्वयंपाकाच्या खोलीत कोपऱ्यात ज्वारीची कणगी होती, बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, आणि तिच्या बुडाशी उंदराचं बीळ होतं. दुधाचा दात पडला की तो चिमूटभर कापसात गुंडाळायचा, बिळाच्या तोंडाशी ज्वारीचे दाणे ठेवायचे आणि दात आत सोडून म्हणायचं, "उंदीरमामा, उंदीरमामा, माहा किडका घे, तुहा धारंचा दे." मग माय शेणामातीचा गोळा करून बिळाचं तोंड हातानं दाबून बंद करी. उंदीर शेजारीच दुसरं तोंड पाडत. वर्षभर ज्या उंदरांच्या नावानं माय बोटं मोडायची, त्यांना त्या एका वेळी ती मामा म्हणायची. दुसऱ्या गावांत दात छपराच्या कवेलूंवर फेकतात, कुठे तुळशीत पुरतात. आमच्याकडे उंदीर होते, म्हणून उंदीर.

घर लहानच होतं. बाबा भावांपासून वेगळे निघाले तेव्हा त्यांनी आणि मायने मिळून ते बांधलं. आदिलाबादकडच्या गुडीहत्नूरच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की कापसाची आणि ज्वारीची शेतं लागत, मग ओढा, आणि ओढ्याच्या काठाला आमची वस्ती. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. माय फार जोरात थापायची. बाबा म्हणत, हिच्या भाकरीनं शेजारची कोंबडी उठतात. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण आणि कच्च्या तेलात कालवलेला तिखट चटणीचा भुरका, एवढ्यावर आम्ही वाढलो. आजही कुणी मला पंचपक्वान्नांचं ताट वाढलं तर माझी नजर भुरका शोधते आणि सून हसते.

माझ्या आधी एक बहीण होती. शेवंता तिचं नाव. हे मला मायने नाही, आत्याने सांगितलं. एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी घरात शिरलं आणि त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. दुसरीत होती. तिचा फोटो नव्हता. कपडे, पाटी, बांगड्या, सगळं रिवाजाप्रमाणे ओढ्यात सोडून दिलेलं. पाणी पुन्हा शिरू नये म्हणून बाबांनी नंतर घरभर मुरूम टाकून, चोपून, जमीन वीतभर उंच केली आणि त्यानंतर मी जन्मले. माय तिचं नाव घेत नसे. दुसऱ्या कुणी घेतलंच तर घासलेली भांडी पुन्हा घासायला उठून जाई. लहानपणी मला खरंच शंका यायची, की ही बहीण होती का, की आत्यानं मला धाकात ठेवायला रचलेली गोष्ट आहे. सगळ्या मुली मोठ्या बहिणीचे कपडे घालून वाढतात. माझ्या वाट्याला तिची एक चिंधीही आली नाही. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी मंदा झाली. ती आमची शेंडेफळ, गुळाची चोर, आणि म्हणून पुढचे-मागचे सगळे दात किडलेली.

मी दहावीत होते त्या हिवाळ्यात बाबांनी शेतात विहीर खणायला काढली. काळी माती संपली, मुरूम संपला, मग काळा दगड लागला. सुरुंग लावून लावून तो फोडला तर त्याखाली अचानक राखेरी-हिरवट चिकण माती. बाबांना वाटलं, आता सुटलो. कसले सुटतात! हातभर माती गेली आणि खाली पुन्हा तोच काळा दगड. त्या मातीचा ढीग काठावर पडला होता. मायने त्यातली टोपलीभर चूल लिंपायला आणली, आणि आम्ही पोरींनी त्यातल्या दगडी गोगलगाई वेचल्या. बोटाच्या पेराएवढ्या, वेटोळ्याच्या, हुबेहूब. आम्ही त्यांच्याशी सागरगोट्यांसारखं खेळायचो.

पद्माक्का आमच्याकडे आली ती या गोगलगाईंमुळे. ती हैदराबादकडची, तेलुगू घरातली, विद्यापीठात दगडमातीचा अभ्यास करणारी. पायात पुरुषी बूट, खांद्याला झोळी, झोळीत हातोडी. बस थांबली होती आणि फाट्यावर मंदा खेळत बसली होती. तिच्या हातातली गोगलगाय बघून ही बाई चालत्या गप्पा सोडून बसमधून उतरली. मंदाचा हात धरून थेट आमच्या अंगणात. कागदपत्रांना बाबा सापापेक्षा जास्त भ्यायचे. त्यांनी हात जोडून विचारलं, "बाईसाब, जमिनीच्या पट्ट्याचं काई नाई ना?" पद्माक्का हसून म्हणाली, "पट्टा आपका, मिट्टी मेरी. बस, मिट्टी धोने दो." बाबांना पटलं. मातीवर कुणी हक्क सांगितल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

ती राहिली आमच्याच घरी, पडवीत. माय तिला पोरी म्हणे, ती मायला अम्मा म्हणे. पहिल्या दिवशी ताटात अंबाडीची भाजी बघून ती "गोंगुरा!" म्हणून ओरडली आणि भाकरीबरोबर इतकी जेवली, की मायचं तिच्याबद्दलचं मत तिथल्या तिथे ठरून गेलं. तिचं काम मात्र मायला शेवटपर्यंत विचित्र वाटलं. ढिगातली माती उन्हात खडखडीत वाळवायची, मग तिला रॉकेल पाजायचं, वर पाणी ओतायचं. तशी ती माती भसाभस विरघळे. मग बारीक चाळणीत घालून पाण्यात हलवत बसायचं. खाली उरेल तो कण न् कण भिंगाखाली सुईनं निवडायचा.

"आपन दिव्याले घासलेट पुरवून पुरवून वापरतो," माय मला म्हणायची, "अन् ही पोट्टी चिखलाले पाजून राह्यली. काऊन करते माय असं?"

"दात शोधून राह्यली," मी सांगे.

"कोनाचे?"

हे मलाही नीट कळत नव्हतं. मग एका सकाळी चुलीपुढे बसून पद्माक्कानं सांगितलं. तिनं परातीत एक भाकर ठेवली, वर भुरका पसरला आणि त्यावर दुसरी भाकर ठेवली. खालची भाकर म्हणजे विहिरीतला खालचा काळा दगड. तो दगड नव्हे, कधी काळी जमिनीतून उकळत आलेला आणि थिजलेला रस. मग पुष्कळ काळ सगळं शांत होतं, तळी झाली, गोगलगाई झाल्या, झाडांत उंदराएवढी जनावरं फिरली, मेली, त्यांचे दात गाळात पडले. तो भुरका. मग पुन्हा रस आला आणि सगळं झाकून गेला. ती वरची भाकर. दगड थिजला, त्या क्षणापासून त्याच्या पोटात एक वायू थोडा थोडा साठत जातो, आणि मोठ्या प्रयोगशाळेत तो मोजला की दगडाचं वय कळतं. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, ती म्हणाली. दातात असं काही मोजता येत नाही. पण दात कुणाचा ते ओळखता येतं, आणि तो दोन दगडांच्या मधे असला की तो खालच्यानंतरचा आणि वरच्याच्या आधीचा, एवढं पक्कं होतं. मग जगात जिथे कुठे तसाच दात मिळेल आणि तिथे वर-खाली काळा दगड नसेल, तिथेही सांगता येतं की हा थर त्याच काळाचा. अशा दातादगडांनी मिळून पृथ्वीचं पंचांग जुळवत आणायचं, ही त्या लोकांची खटपट.

मायने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "दगडाले वय पुसतं व्हय कोनी?" आणि वरची भाकर उचलून मंदाच्या हातात दिली. "मंग मधात जे हाय ते कोनाच्या बापाले खोटं पाडता येत नाई. असंच ना?"

"हौ अम्मा," पद्माक्का म्हणाली. "बस, ऊपर का ढक्कन टूटा हुआ नहीं होना."

दिवस जात होते आणि दात काही मिळत नव्हता. मिळत ते चुरे, माशांची हाडं, बेडकांची हाडं. तिचे विद्यापीठातले सर कडक होते. होळीपर्यंत हाती काही लागलं नाही तर हा विषय सोड आणि परत ये, असं त्यांनी बजावलं होतं. परत गेली की घरचे तिचं लग्न उरकणार होते. हे ती आम्हाला हसत हसत सांगायची, पण चाळणी हलवताना तिचं तोंड दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं. ती गेली तर आपण पुन्हा नुसत्या कापूस वेचणाऱ्या मुली होऊ, असं मला वाटे. तेव्हा मी रोज शाळेतून आले की दप्तर फेकून तिच्या शेजारी बसायची.

आणि मग तो मिळाला. तुरीच्या दाण्याएवढा, काळपट तपकिरी, तुळतुळीत. मी सुईनं बाजूला केला तेव्हा मला तो खडा वाटला होता. पद्माक्कानं भिंगाखाली धरला, उलटापालटा करून पाहिला. मग तिनं मला उचललं. दहावीतली थोराड मुलगी मी, पण तिनं मला उचलून गोल फिरवलं आणि चाळणी लाथेनं कलंडली. इतर दात राईएवढे असतात, हा राजा आहे राजा, असं काहीतरी ती तेलुगूत, हिंदीत बडबडत होती. तिनं तो दात आमच्याच कापसात गुंडाळला, काड्यापेटीत घातला आणि काड्यापेटी स्वयंपाकाच्या खोलीतल्या वरच्या कोनाड्यात ठेवली, कारण पडवीत मांजर यायचं. बाबांना आणि मला सांगितलं, हिला हात लावू नका. माय तेव्हा शेतात होती; दात मिळाल्याचं तिला रात्री कळलं, पण तो पद्माक्काच्या झोळीतच असेल असं ती धरून चालली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं पद्माक्का आदिलाबादला गेली, सरांना फोन करायला.

त्याच सकाळी मंदाचा दात पडला. मी शाळेत होते, बाबा विहिरीवर. माय सारवायला बसली होती, तिने कोनाडे रिकामे करायला घेतले, चूल विझली होती म्हणून काड्यापेटी उघडली, तर आत काड्या नाहीत, कापूस. कापसात काळा पडलेला दात. मंदानंच जपून ठेवला असणार, असं तिला वाटलं. मंदा अंगणात. तिला हाक मारली तर ती आली नाही, आणि मायचे हात शेणानं भरलेले, काम पडलेलं. तिने पोरीच्या वतीनं स्वतःच दाणे ठेवले, मंत्र म्हटला, दात मामाला दिला आणि सारवता सारवता बीळ लिंपून टाकलं.

मी सकाळच्या शाळेतून दुपारी आले आणि मागोमाग पद्माक्का आली. तिचा चेहरा असा फुलला होता, की फोनवर काय झालं ते विचारायची गरजच नव्हती. सर उद्या स्वतः जीप घेऊन येणार होते, दात बघायला. ती उंबऱ्यात बूट काढत होती तोच मंदा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं मूठ उघडली. घामेजलेल्या मुठीत एक किडका, दुधाचा दात होता.

"अक्का, हा तुले. तू दात जमा करत ना? म्या मायले देल्लाच नाई."

पद्माक्का हसली. मीही हसले. चुलीशी बसलेली माय मात्र हसली नाही. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

"मंग मी उंदराले कोनाचा देल्ला?" माय म्हणाली.

पद्माक्कानं कोनाड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तिला हिंदीत काय सांगितलं ते आता आठवत नाही. ती एका पायात बूट तसाच ठेवून उंबऱ्यावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. साडेसहा कोटी वर्षं दगडाखाली सुखरूप राहिलेला दात, आमच्या घरी एक रात्र राहिला आणि गेला.

मायनं तिच्या पायाशी येऊन दोन्ही कान धरले. "पोरी, म्या तुह्या पोटावर पाय देल्ला गं. मले काय ठाव, एवढुसा दात, मले वाटलं गूळ खाऊन खाऊन झिजला."

"नक्को रोव अम्मा," पद्माक्का म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

बाबा तेवढ्यात आले. त्यांना सगळं सांगितलं. ते कणगीकडे बघून म्हणाले, "हिरीचा दगड फोडला, तं हे बीळ काय हाय! कनगी रिकामी करा." भरल्या घरातली कणगी वर्ष संपायच्या आत हलवायची नाही, हाही मायचाच नियम होता. त्या दिवशी पहिली टोपली तिनेच भरून काढली. पोत्यांत ज्वारी ओतली, कणगी उचलून अंगणात नेली, आणि बाबा सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले. तिथे मात्र पद्माक्का उठली. डोळे पुसले आणि सब्बल बाबांच्या हातातून काढून घेतली. आता ती आमच्या घरची पाहुणी राहिली नव्हती. मायच्या हातात खुरपी दिली, मला बारीक ब्रश दिला, बाबांना पाणी आणायला लावलं. एक मूठ मातीही फेकायची नाही, सगळी चाळणीत. शेजारचे लोक दाराशी जमले. एक म्हातारबुवा म्हणाले, "लोकं डोंगर पोखरून उंदीर काढतात. तुमी काय उंदीर पोखरून डोंगर काढून राह्यले?" बाबांनी त्यांनाच बादली धरायला लावली.

वर सारवणाचे पापुद्रे होते, एकावर एक, वहीच्या पानांसारखे. त्याखाली मुरूम. बीळ मुरमात वळत वळत गेलं होतं आणि त्याच्या वळणावळणावर उंदरांचा संसार होता: ज्वारी, तुरीच्या शेंगा, बाबांच्या सदऱ्याची बटणं, माझ्या वेणीची हरवलेली रिबीन. जिच्यासाठी मी मार खाल्ला होता ती ही. आणि दात. पांढरे, पिवळट, चिमुकले दात. "ये तेरे," पद्माक्का माझ्या तळहातावर ठेवत म्हणे, "ये भी तेरा." माझं बालपण असं चाळणीतून बाहेर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. प्रत्येक दाताला लोक दाराशी हसत आणि पद्माक्का मात्र दर दाताला पुन्हा चाळणीकडे वळे, कारण तो तिचा नसे. बिळाच्या शेवटी घरटं लागलं. चिंध्या, पाला आणि सगळ्यात वर पांढरा स्वच्छ, ताजा कापूस. मामांनी दात घेतला नव्हता, कापूस घेतला होता. पद्माक्कानं तो उलगडला, आणि तिचा काळा, तुळतुळीत राजा टपकन माझ्या ब्रशवर पडला.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. म्हातारबुवांनी बादली सोडून टाळ्या वाजवल्या. बाबा भिंतीला पाठ टेकून खाली बसले आणि नुसते हसत राहिले. मायनं दात हाती घेऊन कपाळाला लावला, पद्माक्काला दिला आणि म्हणाली, "आता मी चहा टाकतो." तिचा आवाज असा हलका झाला होता, की मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

पण ती चुलीकडे गेली नाही. खड्ड्याशी उभी राहिली. मुरूम उकरला होता तिथे, एका बाजूला, खाली काळ्या मातीची जुनी जमीन दिसत होती. माय तिकडे बघत होती. मग ती पुन्हा खाली बसली.

"तू म्हनली व्हती ना," ती पद्माक्काला म्हणाली, "मधात जे हाय ते खोटं पाडता येत नाई?"

"हौ."

"हा मुरूम मी सोता डोक्यावर वाह्यला. ही अनसू तवा पोटात व्हती." तिनं माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं. "त्याच्या खाली काई सापडलं, तं ते हिचं नसन. मंदीचं नसन."

मी ते पद्माक्काला हिंदीत सांगितलं. ते सांगता सांगताच मला कळलं की माय काय म्हणते आहे. बाबांना ते आधीच कळलं असणार, कारण ते हसायचे थांबले होते आणि उठून दाराशी जमलेल्या लोकांना हळूहळू अंगणाबाहेर नेत होते.

पद्माक्का पोटावर आडवी झाली आणि जुन्या जमिनीवरचा मुरूम ब्रशनं झाडू लागली. बराच वेळ काही नव्हतं. मग काळ्या मातीत एक गोल डाग दिसला, वाटीच्या तोंडाएवढा, वेगळ्या रंगाचा. शेणामातीचा गोळा, दगडासारखा वाळलेला. जुन्या बिळाचं तोंड. त्यावर हाताची बोटं उमटलेली होती. मायनं आपली बोटं त्यांच्यावर ठेवली. ती आता जाड झाली होती, त्या खाचांत नीट बसत नव्हती. तरी तिची होती.

पद्माक्कानं गोळा काढायची घाई केली नाही. तिनं सुईनं त्याच्या कडा तपासल्या. वरचा मुरूम कुठे भेगाळला आहे का, उंदरांनी नव्या बिळातून इकडे वाट काढली आहे का, माझा एखादा दात घरंगळत खाली आला असेल का. माय तिच्या तोंडाकडे बघत होती, रोग्याचे नातेवाईक डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तशी. मला आठवतं, मी मनात उंदीरमामाला विनवत होते. आता मला वाटतं, पद्माक्कानं त्या वेळी चटकन हो म्हटलं असतं, तर मायनं ते आयुष्यभर पूर्ण मानलं नसतं. ती शंकेनं तपासत राहिली म्हणून तर पुढे विश्वास बसला. मी नंतर शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त होईपर्यंत, आणि शिकवलं ते एवढंच.

अखेर ती उठून बसली. "ऊपर का ढक्कन टूटा नहीं है अम्मा. नीचे जो भी है, मुरूम से पहले का है."

गोळा उचलला. खाली काळा पडलेला, चुरा होणारा कापूस होता आणि त्यात दोन दात. दुधाचे, समोरचे. किडलेले नव्हते. शेवंतानं गूळ चोरला नसावा.

मायनं ते तळहातावर घेतले. "शेवंता," ती म्हणाली. मी जन्मल्यापासून तिच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं. "पूर वसरल्यावर दोनी एकाच दिवशी पडले व्हते. बोलली का शीळ वाजे. शेवंती म्हनाले गेली का फुस्स. मी हसो तं रागावे." मग ती माझ्याकडे वळली आणि जणू इतकी वर्षं मीच तिला विचारत होते असं म्हणाली, "व्हती बरं. मले बी कदी कदी वाटे, मीच सपनात पाह्यलं का काय. पन व्हती." आणि ती रडली. मला ते रडणं भीतीचं वाटलं नाही. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर बाया मान मोकळी करतात, त्यातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले, दात बघितला आणि होळीचं नाव पुन्हा निघालं नाही. विहिरीतले वरचे आणि खालचे दगड पेटीत भरून गेले. पद्माक्का आता म्हातारी झाली आहे, माझ्याहून जास्त. मधे एकदा तिचा फोन आला. आमच्या विहिरीतले दगड नव्या यंत्रावर पुन्हा मोजले, म्हणाली. पूर्वी वय सांगताना जेवढी लाखो वर्षं इकडे-तिकडे धरावी लागत, तेवढी आता लागत नाहीत. दाताची जागा पंचांगात आणखी पक्की झाली. ती मुलीसारखी आनंदली होती. मग तिनं विचारलं, "और अम्मा के दो दाँत?" मी सांगितलं, आहेत, माझ्याकडे आहेत.

कारण शेवंताचे दात सापडले त्या दिवशी खड्डा बुजवून झाला, कणगी जागेवर आली, ज्वारी परत भरली, मायनं मंदाचा दात रीतीप्रमाणे नव्या बिळाशी नेऊन दिला आणि वरून लिंपलंही. मग हात धुऊन ती दारात उभी राहिली. ओढ्यापलीकडच्या कापसावर सूर्य टेकला होता. बाबांनी बैल बांधले आणि येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. मी वाट बघत होते, ती आता आत जाईल आणि ते दोन दात उंदराला देईल. तिची मूठ मिटलेली होती. सूर्य गेला. माय आत आली, तिनं दिवा लावला, पद्माक्काची रिकामी काड्यापेटी कोनाड्यातून काढली, नवा कापूस घातला आणि शेवंताला घरात ठेवून घेतलं.